तोंड एकीकडे, चाल दुसरीकडे

दि. ६ फेब्रुवारी

चि. भिंगरी हिला अनेक आशीर्वाद.

चिरंजीव म्हणून घेण्याचं तुझं वय राहिलेलं नाही, हे मला कळतं. तुझेही केस पांढरे झाले असतील, की रंगवतेस? पण धाकटी नणंद ती धाकटीच. आणि भिंगरी हे नाव मीच पाडलेलं, एका जागी पाच मिनिटं बसत नव्हतीस म्हणून. आता या वयात तुझ्यासाठी नवं नाव कुठून आणू?

इकडे सगळं ठीक आहे. हे बरे आहेत. खिडकीशी बसतात, रस्ता बघतात. हल्ली बोलणं जरा कमी झालंय. दुरुस्तीचं दुकान बंद केलं हे तुला कुणीतरी सांगितलं असेलच. आता रेडिओ-टीव्ही दुरुस्त करून घेतो कोण? बिघडला की फेकला. खाली आपल्या दुकानाच्या जागी एक शिंपी आलाय. माणूस चांगला, पण तोंडात टाचण्या नसल्या की बोलत सुटतो. मी त्याला मुद्दाम काम देते, म्हणजे टाचण्या तोंडात राहतात.

फोन केला नाही, कारण फोन तू ठेवून देशील. पत्र फाडायचं म्हटलं तरी आधी हातात घ्यावं लागतं, आणि हातात घेतलं की तू वाचणार. तुला मी ओळखते.

पत्रास कारण की, असं लिहून मघाशी मी उठले आणि चहा करून आले. खास असं काही कारण नाही. माळा आवरायला काढला होता, त्यात आपला कॉम्प्युटर सापडला. तोच, रबरी बटणांचा. गिऱ्हाईक दुरुस्तीला टाकून गेलं ते परत आलंच नाही. हे रोज म्हणायचे, "उद्या येईल तो." गिऱ्हाइकांना हे कायम "उद्या या" सांगायचे, तेव्हा एखाद्या गिऱ्हाइकाने उलट केलं तर बिघडलं कुठे? त्याची वाट बघता बघता आपण दोघींनी तो वापरायला घेतला आणि त्यावर स्वतःचा खेळ बनवायला लागलो. झाकणावर तुझ्या नखाचा ओरखडा अजून आहे.

पुसता पुसता हसू आलं. आपल्यासारखी चूक जगात दुसऱ्या कुणी केली नसेल, भिंगरे. तुला सगळं ठाऊक आहे, तरी लिहिते, लिहायला बरं वाटतंय. खाली दुकानात कुणाचा तरी मोठा टीव्ही कुशीवर पाडून ठेवलेला होता, कारण ह्यांना त्याच्या पोटात हात घालायला तसा सोपा जायचा. तू त्याच्यासमोर स्टुलावर बसून चौकटीच्या कागदावर गाडी काढायचीस, चौकटी काळ्या करायचीस आणि पडद्यावर कशी दिसते ते बघायचीस. पडद्यावरची अक्षरं आडवी पडलेली तुला दिसत होती. मी म्हटलंही. तर तुझं उत्तर, "अक्षरांकडे कोण बघतंय, वहिनी? मला गाडी सरळ दिसल्याशी कारण." स्वेटरच्या गिरणीत नक्ष्या काढणारी तू. टीव्ही आडवा म्हणून मान वाकडी करायची, हे तुझ्या स्वभावात नव्हतं. आणि मी वर स्वयंपाकघराच्या टेबलावर, कागद सरळ ठेवून, गाडीच्या चालीचे आकडे मांडत होते. हवामान खात्यात दिवसभर पावसाचे आकडे मांडायचे आणि घरी येऊन हे.

मग त्या टीव्हीचा मालक टीव्ही घेऊन गेला. आपण घरचा टीव्ही सरळ मांडला, तुझी चित्रं आणि माझे आकडे पहिल्यांदा एका जागी आणले, आणि निघाली की गाडी! तोंड बाजूच्या भिंतीकडे, चाल वरच्या दिशेला, आडवी आडवी. तू हसून हसून स्टुलावरून पडलीस. "वहिनी, गाडी नाही, खेकडा आहे हा!"

ते सगळं सरळ करायचं तर एकेक आकडा पुन्हा मांडायला लागला असता. आणि खेळून बघितलं तर वाकड्यातच मजा होती. तोफ तोंडाच्या दिशेला, गाडी भलतीकडे. एकट्याला चालवणं आणि मारणं दोन्ही जमेना, डोकं फिरायचं. पण मी डावीकडे बसून गाडी चालवायची आणि तू उजवीकडे बसून तोफ मारायची असं केलं की खेकडा असा पळायचा! तो मिठाचा ग्रह, ते काळं आकाश, पाण्याची टाकी पाठीवर घेऊन शेवटच्या वस्तीकडे निघालेला खेकडा आणि त्याच्या मागे लागलेल्या त्या लांबलचक लोखंडी गोमा. टोपलीतले खेकडे एकमेकांचे पाय ओढतात म्हणतात. आपला खेकडा दोघींनी मिळून ओढला तरच चालायचा.

असो. खेळ ज्यात भरलेला ती पहिली टेप, वाकड्या खेकड्याची, तू जाताना घेऊन गेली होतीस. असली तर पाठवशील का? आमच्याकडे कंपनीने विकलेला सरळ खेकडा आहे, पण तो काही उपयोगाचा नाही. का, ते पुन्हा कधीतरी.

तब्येतीला जप. थंडीत डोक्याला काहीतरी बांधत जा, तुझा कान पूर्वी दुखायचा.

तुझी,
वहिनी


दि. २ मार्च

चि. भिंगरी,

बटणांच्या डब्यात, कापसात गुंडाळून पाठवलेली टेप पोचली. चिठ्ठीही पोचली. "टेप घे. त्याला दाखवू नकोस." इतक्या वर्षांनी तुझं अक्षर बघितलं. तेवढ्या जागेत किती राग मावलाय, कमाल आहे तुझी.

दाखवली मी त्यांना. रागावायचं तर रागाव, पण आधी पुढचं वाच.

मागच्या पत्रात हे बरे आहेत असं लिहिलं होतं. ते बरे नाहीत. वर्ष होऊन गेलं, सकाळी दाढी करता करता आरशासमोरच खाली बसले. उजवं अंग गेलं. चेहऱ्याची एक बाजू ओघळल्यासारखी झालीय. बोलणं कमी झालंय असं मी लिहिलं, तेही खरं नाही. बोलणं गेलंय. एकच शब्द उरलाय. कुठला, ते सांगितलं तर हसशील. "उद्या." आयुष्यभर गिऱ्हाइकांना जो दिला तोच जिभेला चिकटून राहिला. भूक लागली का? उद्या. पाय दुखतो का? उद्या. चहा घेणार? उद्या, आणि कप पुढे केला की पितात. डॉक्टर म्हणतात, असं होतं, एखादा शब्द वाचतो. शब्दसुद्धा कुठला वाचावा!

मला पहिल्या महिन्यात त्याचं फार रडू यायचं. आता नाही येत. आता त्या शब्दाचा कंटाळा येतो. सकाळी उठवायचं, कूस बदलायची, चादर काढायची, पुसायचं, बसवायचं, भरवायचं, सांडलेलं पुसायचं, पुन्हा निजवायचं. मध्ये एखादा तास मिळाला की मी भिंतीला टेकून उभी राहते. बसत नाही, कारण बसलं की उठवत नाही. मूलबाळ नाही हे कधी कधी बरं वाटतं, त्यांना हे करायला लागलं असतं. कधी कधी अजिबात बरं वाटत नाही.

तर व्यायाम शिकवायला एक मुलगी येते. ती म्हणाली, डाव्या हाताच्या बोटांना काहीतरी काम द्या, नुसता चेंडू दाबून कंटाळतात ते. म्हणून मी माळ्यावर चढले. माळा आवरायला नव्हते चढले. कॉम्प्युटर मांडला, कंपनीचा सरळ खेकडा लावला. त्या गाडीचं सगळं सरळ, तोंड पुढे, चाल पुढे, एकट्याने खेळायची. पण एकट्याने म्हणजे दोन हातांनी. डाव्याने चालवा, उजव्याने मारा. ह्यांचा डावा हात एकदा इकडे, एकदा तिकडे, आणि तेवढ्यात गाडी फुटायची. चौथ्या-पाचव्या वेळेला त्यांनी कीबोर्ड उचलून जमिनीवर आपटला. रबरी असल्यामुळे वाचला. माझ्या पायावर आपटला असता तर मी वाचले नसते.

त्या वेळी मला आपला वाकडा आठवला. दोन माणसं, प्रत्येकाला एकेक हात पुरे.

टेप लावली तेव्हा ते खाटेवर होते. आठवतोय ना तो आवाज, टेपमधून खेळ आत जाताना किंचाळल्यासारखा? शिंपी खालून कात्री घेऊनच धावत आला. "काकू, मांजर कशात अडकलंय?" मी त्याला बस म्हटलं. ह्यांनी मान वळवली. खेकडा पडद्यावर आला, तोंड भिंतीकडे करून. ते बराच वेळ बघत राहिले आणि म्हणाले, "उद्या." हळू म्हणाले. त्यात काय होतं ते मला कळलं नाही, आणि कळल्यासारखं तुला लिहिणार नाही.

मी डावीकडे माझ्या जागेवर. त्यांना खुर्चीत उशा लावून उजवीकडे बसवलं, म्हणजे डावा हात बरोबर तोफेच्या बटणावर येतो. तुझी जागा ती. नेम तुझ्यासारखा नाही, तुझ्या नखालाही नाही. पहिल्या दिवशी आपलीच वस्ती उडवली. दुसऱ्या दिवशी एक गोम मारली आणि असे ओरडले "उद्याऽऽ" की शिंपी पुन्हा वर. त्याला वाटलं गेले. तर हे अर्ध्या तोंडाने हसतायत आणि लाळ गळतेय.

आता रोज दुपारी जेवण झालं की कीबोर्डकडे बघत बसतात. अर्धा तास खेळतो आम्ही. ज्या माणसाने आपल्याला न विचारता टेपची नक्कल खेळ विकणाऱ्या कंपनीला दिली, आणि तिथल्या लोकांनी गाडी सरळ करून विकली तेव्हा खोक्यावर स्वतःचं एकट्याचं नाव छापू दिलं, तो माणूस आता आपल्या वाकड्या खेकड्याशिवाय जेवण धड पचवत नाही. तुला ऐकून बरं वाटेल म्हणून लिहिलं. मलाही जरा बरं वाटलं.

जमलं तर एकदा येऊन जा. बघून जा. घाई अशी काही नाही.

तुझी,
वहिनी


दि. १९ मार्च

भिंगरी,

तुझं पत्र आलं. या वेळी चार ओळी, म्हणजे प्रगती आहे. दादाचं ऐकून वाईट वाटलं म्हणतेस. पण त्याने एकदा तरी चुकलं म्हणायला हवं होतं, आणि ते म्हणेल त्या दिवशी तू येशील.

मी त्यांना विचारलं. खुर्चीसमोर बसले, हात हातात घेतला आणि सरळ विचारलं, "भिंगरीचा खेकडा तिला न विचारता दिलात. चुकलं ना तुमचं?" ते म्हणाले, "उद्या."

त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं हेही खरं आहे. ते तेवढंच लिहून पाकीट बंद केलं असतं तर तू पुढच्या गाडीने आली असतीस. पण त्यांच्या डोळ्यांत पाणी टीव्हीवर साबणाची जाहिरात लागली तरी येतं. डॉक्टर म्हणतात तो आजाराचाच भाग. तुला गळाला लावून बोलवायचं नाहीये मला. आणि खरं सांगू? जीभ धड असती तरी ते म्हणाले नसते. जीभ धड होतीच की इतकी वर्षं. टीव्हीची चूक टीव्हीची, गिऱ्हाइकाची चूक गिऱ्हाइकाची, ह्यांची कधी नाहीच. तेव्हा त्या अटीवर तुझी वाट बघण्यात अर्थ नाही. ती अट कधीच पुरी होणार नाही.

घाई नाही असं मागच्या वेळी लिहिलं होतं. घाई आहे.

माझ्या पोटात गाठ आहे. चांगली हाताला लागते. डॉक्टरीण तरुण आहे, म्हणाली, "आजी, हे किती दिवस आहे?" मी म्हटलं, "बरेच." साधी आहे की वाईट, ते काढल्यावरच कळणार. दोनदा तारीख मिळाली, दोनदा मी नको म्हणून कळवलं, कारण ह्यांना कुणाकडे टाकू? पैसे देऊन एक बाई ठेवली होती. ह्यांनी तिच्या हातून पाणी घेतलं नाही, ती दुसऱ्या दिवशी आली नाही. शिंपी म्हणतो, मी बघतो काकू, तुम्ही जा. मनाने सोनं आहे तो. पण त्याला दुकान आहे, आणि ह्यांना उचलतो तो असा की कापडाचा तागा उचलावा. आता तिसरी तारीख मिळालीय, पुढच्या महिन्याच्या सुरुवातीची. डॉक्टरीण म्हणाली, आता बदलायची नाही.

हे पहिल्याच पत्रात लिहायचं होतं. पत्रास कारण की, इथपर्यंत आले आणि चहा करायला उठले ते आठवतं का? ते हेच.

आता आणखी एक, जे लिहायचं मी ठरवलं नव्हतं. पण बसलेच आहे तर लिहिते.

तू गेलीस त्या दिवशी जिन्यात मला म्हणालीस, "वहिनी, तू कशाला थांबतेस इथे?" त्याचं उत्तर माझ्याकडे तेव्हा नव्हतं, आता शोधायला बळ नाही. थांबले. पण भिंगरे, खेकडा माझाही होता. चित्रं तुझी होती, पण चाल माझी होती. खोक्यावर तुझं नाव नव्हतं तसं माझंही नव्हतं. तू आदळआपट केलीस, पेटी भरलीस, गेलीस, म्हणून सगळे म्हणाले भिंगरीला फार लागलं. मी खाली जाऊन भाजी आणली आणि स्वयंपाकाला लागले, म्हणून मला काही लागलंच नाही असं ठरून गेलं. ह्यांनी ठरवलं ते ठरवलं. तूही तेच ठरवलंस.

तुझ्या दादाशी तू बोलली नाहीस, ते मी समजू शकते. माझ्याशी का बोलली नाहीस? मी काय केलं होतं? इतकी वर्षं मी याचं उत्तर स्वतःच देत आले, की दोघं एका घरात राहतात, एकाला सोडून दुसरीला पत्र कसं पाठवणार. पण पत्रावर नाव घालता येतं. माझं नाव तुला ठाऊक होतं.

आपण दोघी त्या टीव्हीसमोर बसायचो तेवढेच माझ्या संसारातले दिवस असे होते की मी कुणाची तरी बायको आहे हे विसरायला व्हायचं. ऑफिसातून येताना मी जिना पळत चढायचे. तू गेलीस तेव्हा ह्यांची बहीण गेली असं सगळे म्हणत होते. माझी मैत्रीण गेली हे कुणी म्हटलं नाही, मीसुद्धा नाही.

मी दमले आहे, भिंगरी. गाठीची भीती वाटते असं म्हणावं, तर तेवढी भीती वाटायलाही ताकद लागते. ह्यांच्यावर माया आहे का, असं कुणी विचारलं तर मी आधी विचारीन, आज चादर किती वेळा बदलली ते मोजू का. काल भरवताना त्यांनी घास थुंकला आणि माझा हात उठला. मारला नाही. पण उठला. तो खाली आणला आणि मग मी स्वयंपाकघरात जाऊन भांडी घासली, घासलेलीच.

तेव्हा त्यांच्यासाठी येऊ नकोस. त्यांनी माफी मागितली नाही, मागणार नाहीत, आणि त्यांचा तुझ्यावर काही हक्कही नाही. माझ्यासाठी ये. माझा आहे का हक्क, ते तू ठरव.

शेवटी लोभ असावा असं लिहायची रीत आहे. मी तसं लिहीत नाही. लोभ असला तर ये, आणि नसला तरी ये.

तुझी वाट बघणारी,
वहिनी


दि. ११ एप्रिल
वॉर्डातून

प्रिय भिंगरी,

हे पत्र शिंप्याच्या हाती देते आहे. तो रोज इथे येतो आणि वॉर्डातल्या बायकांना पडदे, झबली, उशांचे अभ्रे यांचे भाव सांगतो. इथे त्याच्या तोंडात टाचण्या नसतात, त्यामुळे घरची सगळी बातमी मला मिळते.

तू आलीस तेव्हा मला धड बोलायलाही मिळालं नाही. दारात उभी राहिलीस, हातात बॅग, आणि पहिलं वाक्य काय, "अगं वहिनी, किती म्हातारी झालीस!" दुसरं वाक्य, "बाथरूम तिथेच आहे ना?" दादाकडे बघितलंही नाहीस. दुसऱ्या दिवशी सकाळी मी इकडे यायला निघाले तेव्हा तू त्यांच्या खाटेशी उभी होतीस, कमरेवर हात ठेवून, आणि म्हणत होतीस, "हे बघ, मी तुझ्यासाठी आलेली नाही." ते म्हणाले, "उद्या." तू म्हणालीस, "उद्या पण नाही." मला जिन्यात हसू आलं आणि पोटात दुखलं.

शिंपी सांगतो की तुम्ही रोज भांडता. तुला तोफेशिवाय दुसरं काही नको, आणि हे तोफेवरचा हात काढत नाहीत. दोघं बहीण-भाऊ एकाच बटणावर बोटं दाबून बसता आणि खेकडा तिथल्या तिथे मरतो, असं तो म्हणाला. परवापासून म्हणे तूच शिंप्याला चालवायला बसवलंस आणि तोफेची पाळी लावलीस, एक गोम तुझी, एक ह्यांची. त्याने तिकडे गिऱ्हाइकाची पँट तीन इंच आखूड कापली. मला सांगताना रडवेला झाला होता, पण दुपारी जायचं मात्र सोडत नाही. ह्यांनी तुझ्या हातून पाणी घेतलं, हेही त्याच्याकडूनच कळलं. बरं झालं.

आता माझं. काल डॉक्टरीण आली, पलंगावर बसली, म्हणाली, "आजी, गाठ साधी निघाली. काळजीचं काही नाही."

भिंगरी, त्या वेळी माझ्या मनात पहिला विचार काय आला ते तुला सांगते, दुसऱ्या कुणाला सांगता येणार नाही. देवाची कृपा, असा नाही आला. माझ्या मनात आलं, म्हणजे परत जायचं.

आणि मला रडू फुटलं. आवरेना. नर्सबाई माझी पाठ थोपटत म्हणाली, "रडा आजी, रडा, आनंदाचं रडू आहे." शेजारच्या खाटेवरच्या बाईने मला संत्रं सोलून दिलं. सगळ्या जणी माझ्यासाठी खूश होत्या. मी संत्रं खाल्लं. काय सांगणार त्यांना?

इथे माझी खाट भिंतीशी आहे. सकाळी कुणीतरी चहा आणून देतं, कप कुणीतरी घेऊन जातं. चादर माझी बदलतात. मला कुणी नावाने हाक मारत नाही, कुणाची बायको, कुणाची वहिनी म्हणूनही नाही, आजी म्हणतात नाहीतर खाटेचा नंबर सांगतात आणि पुढे जातात. टाके दुखतात, पण ते दुखणं माझं एकटीचं आहे, त्यासाठी उठून कुणाचं काही करायला लागत नाही. झोप लागते. मधेच जाग येते, कान घराकडे लागतात, आणि मग आठवतं की तिकडे तू आहेस, आणि पुन्हा झोप लागते. अशी झोप मला कधी लागली होती ते आठवत नाही.

मी येणार आहे. तशी शंका घेऊ नकोस. माझं घर आहे, आणि माझा माणूस आहे तो, कसाही असला तरी. तुझंही तिकडे घर आहे, तुला कायमचं अडकवून ठेवणार नाही.

पण आज सकाळी डॉक्टरीण म्हणाली, परवा घरी जाऊ शकता, घरी तुमचं बघायला कुणी आहे ना? आणि माझी जीभ जराही अडखळली नाही. मी म्हटलं, "नाही हो. कुणीच नाही." ती म्हणाली, मग आठवडाभर इथेच ठेवू तुम्हाला, खाट रिकामी आहे.

तर आता तुला एक काम सांगते. घरच्या फोनवर दवाखान्यातून फोन येईल. बाईंच्या घरी कोण असतं, असं विचारतील. तू आहेस म्हणू नकोस. चुकीचा नंबर लागलाय म्हण आणि ठेवून दे.

मला अजून थोडं झोपायचंय.

तुझी
वहिनी